दुसऱ्या देशातलं चित्रपुस्तक लहान मुलांसोबत कसं वाचावं: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

गेली सात वर्षं मी ठाण्यात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, दर शनिवारी सकाळी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. आसपासच्या आया, आजीआजोबा, बालवाडीच्या ताई येऊन बसतात, बघतात आणि मग आपापल्या सोसायटीत तसं करून पाहतात. पुस्तक आपल्याकडचं असेल तर सहसा जमून जातं. परदेशातलं असेल तर गाडं अडतं, आणि अडतं ते ठरलेल्या जागीच. कोणी पहिल्याच मिनिटाला पृथ्वीचा गोल पुढ्यात ठेवतं आणि गोष्टीचा भूगोलाचा तास होऊन बसतो. कोणी दुसरं टोक गाठतं, नावं बदलतं, फळं बदलतं, आणि केनियातली मुलगी शेवटच्या पानापर्यंत ठाण्याशेजारच्या कळव्याची होऊन जाते.

क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग त्याचं गाव, मग देश. गोष्टीतली मुलगी एकदा ओळखीची झाली की ती कुठे राहते हे मुलं आपणहून विचारतात. विचारेपर्यंत थांबायचं. खालचे सगळे टप्पे या थांबण्यासाठीच आहेत.

उदाहरण म्हणून मी सगळीकडे एकच पुस्तक धरते आहे: आयलीन ब्राउन यांचं 'हंडाज सरप्राइझ', १९९४ साली निघालेलं. केनियाच्या नैर्ऋत्य भागातल्या लुओ समाजातली हंडा नावाची मुलगी सात फळं टोपलीत घालते, टोपली डोक्यावर घेते आणि अकेयो या मैत्रिणीच्या गावाला निघते. यातलं कोणतं फळ अकेयोला आवडेल, याचा विचार करत ती चालते. तिच्या मागून एकेक प्राणी एकेक फळ उचलतो आणि तिला पत्ताच नसतो. तुमच्याकडे दुसरं पुस्तक असेल तरी टप्पे हेच.

टप्पा १ : पुस्तक निवडणं

दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या तीन गोष्टी पाहा. गोष्टीतल्या मुलाला नाव आहे का आणि त्याला काहीतरी हवं आहे का? चित्रातल्या माणसांचे चेहरे वेगवेगळे आहेत की एकच चेहरा दहा वेळा काढलाय? आणि देशाचं नाव झाकलं तरी गोष्ट उरते का? "या देशातले लोक हे खातात, हे घालतात, असे नाचतात" एवढंच पुस्तकात असेल तर ते माहितीचं पुस्तक आहे. ते वाईट नसतं, पण पहिल्या भेटीला ते नको.

मागचं पान वाचून पुस्तक कोणी केलंय तेही बघा. ब्राउन ब्रिटिश आहेत, लुओ नाहीत. म्हणून पुस्तक बाजूला ठेवायचं कारण नाही, पण पुढचं पुस्तक तिथल्याच कोणाचं तरी शोधायचं, एवढं तेव्हाच मनाशी ठरवून टाका.

विकतचं परवडत नसेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीवर' या संकेतस्थळावर मराठीत भरपूर चित्रगोष्टी मोफत आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवून वाटताही येतात.

सावधान : विकतच्या पुस्तकाची पानं मोबाईलवर काढून पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, वाचनाचा व्हिडिओही टाकू नका. हक्काचा प्रश्न तर आहेच. शिवाय मुलं शुक्रवारी रात्रीच सगळं बघून येतात आणि शनिवारी हॉलमध्ये कंटाळतात.

टप्पा २ : आधी एकटीने तीन वाचनं

हा टप्पा सगळे गाळतात. "लहान मुलांचं पुस्तक, वीस ओळींचं, त्याची काय तयारी करायची!" असं वाटतं, आणि तिथेच घसरायला होतं.

पहिलं वाचन मजकूर झाकून करा. पोस्टकार्डाएवढा कागद ओळींवर ठेवा आणि नुसती चित्रं पाहा. कागदावर लिहून काढा: चित्रात काय घडतंय? दुसऱ्या वेळी नुसता मजकूर वाचा आणि शब्दांत काय आहे ते लिहा. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. चांगल्या चित्रपुस्तकात त्या सारख्या नसतात. हंडाच्या पुस्तकात शब्द फक्त फळांबद्दल बोलतात, माकडाचं, शहामृगाचं, झेब्र्याचं नावही घेत नाहीत. चोरी होते ती फक्त चित्रात. मजकूर हंडाच्या डोक्यात आहे आणि चित्र तिच्या पाठीमागे. तीन वर्षांच्या मुलाला जे कळतं ते हंडाला कळत नाही, सगळी गंमत त्यात आहे.

वाचणाऱ्याने "बघा बघा, माकडाने केळं घेतलं!" म्हटलं की ती गंमत तिथल्या तिथे संपते. मोठ्यांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच, कारण आपल्याला राहवत नाही.

तिसरं वाचन मोठ्याने, घड्याळ लावून, शक्यतो आरशासमोर करा. पान उलटल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि मगच बोला.

तपासा : दोन याद्यांमधला फरक एका वाक्यात सांगता येतो का? येत नसेल तर चित्रं पुन्हा पाहा.

टप्पा ३ : मराठी शब्द आधीच ठरवा

इंग्रजी पुस्तक समोर धरून मराठीत सांगणं ठाण्यात घरोघरी चालतं, कारण मुलं इंग्रजी माध्यमात असली तरी गोष्ट मराठीतच मनापासून ऐकतात. पण वाचता वाचता भाषांतर करू नका. मी ते केलं होतं आणि मला ते चांगलंच महागात पडलं.

हंडाच्या टोपलीत केळं, पेरू, ऑरेंज, आंबा, अननस, अ‍ॅव्होकाडो आणि पॅशनफ्रूट आहे. ऑरेंज आलं, मी सहज "संत्रं" म्हटलं. झेब्र्याने ते पळवलं. पुढे सगळी फळं गेली आणि शेवटी एक बोकड झाडाला असा धडकतो की झाडावरची टँजरिन्स पटापट गळून रिकामी टोपली भरते. हंडाला तेही माहीत नाही. अकेयो टोपली बघून हरखते, कारण तिला नेमकं तेच फळ सर्वांत आवडतं. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "संत्री!" हॉलमध्ये शांतता. मग पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, संत्रं तर झेब्र्याने खाल्लं ना?" गोष्टीचा कळस माझ्या एका शब्दाने मोडला होता.

खरं तर आपलं नागपुरी संत्रं, सैल सालीचं, हाताने सोलता येणारं, हे टँजरिनच्याच घराण्यातलं फळ. पुस्तकातलं ऑरेंज हे घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या कुळातलं, ज्याला फळवाले माल्टा म्हणतात ते. तेव्हा झेब्र्याला माल्टा द्यायचा आणि संत्री शेवटच्या पानासाठी राखून ठेवायची. तेव्हापासून माझी गोष्ट बिनचूक लागते.

म्हणून एक चिकटचिठ्ठी प्रत्येक पानाच्या मागे लावा आणि त्यावर तुमचे ठरलेले शब्द लिहा. तीन नियम पुरतात. आपल्याकडे शब्द आहे तो वापरा: शहामृग, पेरू, टोपली. आपल्याकडे बाजारात जे नाव चालतं ते तसंच ठेवा: अ‍ॅव्होकाडो. आणि ज्याला शब्द नाही त्याच्या जागी जवळचं काहीतरी दडपून देऊ नका. पॅशनफ्रूटला चिकू म्हटलं की चित्रात जांभळं फळ दिसतं, कानावर चिकू पडतो, आणि मुलाचा तुमच्यावरचा किंवा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. एक अनोळखी शब्द मुलांना जड जात नाही. डायनोसॉरची नावं ती घडाघडा म्हणतात.

सावधान : उजवीकडून डावीकडे उघडणारी पुस्तकंही असतात, उर्दू, फारसी, अरबी. ती तशीच उघडा आणि सुरुवातीलाच दाखवा. उलटं धरून "आपल्या बाजूने" वाचायला गेलात तर गोष्ट शेवटापासून सुरू होते.

टप्पा ४ : नाव

या पुस्तकात नायिकेचं नाव हंडा आणि आपल्या घरात हंडा म्हणजे पाण्याचा. त्यात ही हंडा डोक्यावर टोपली घेऊन चालते. मुलं हसणारच. गोष्टीच्या मधोमध हसू फुटण्यापेक्षा आधीच वाट करून द्या: "या मुलीचं नाव हंडा. आपल्याकडे हंडा कशाला म्हणतात?" मुलं ओरडतील, पोटभर हसतील. अर्धं मिनिट जाऊ द्या. मग म्हणा, "तिच्या गोष्टीत हंडा म्हणजे ती. चला, तिला हाक मारू." सगळ्यांनी मिळून एकदा हाक मारली की नाव बसतं. "हसायचं नाही" अशी तंबी दिली तर ते हसू पुढच्या प्रत्येक पानावर दबून येत राहतं.

नाव बदलून हेमांगी, हर्षदा करण्याचा मोह टाळा. आमच्याकडे एका आजोबांनी तसं केलं होतं. चित्रात दिसणारी मुलगी आणि ऐकू येणारं नाव यांचा मेळ बसेना, आणि मुलं "हेमांगी कुठेय?" असं विचारत राहिली.

लुओ समाजात जन्माची वेळ नावात येते. अकिन्यी म्हणजे सकाळी जन्मलेली, अतिएनो म्हणजे रात्री जन्मलेली. म्हणजे आपल्या उषाताई आणि रजनीकाकूच. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे भलतंच आवडतं आणि सगळी घरी जाऊन आपण किती वाजता जन्मलो ते विचारतात. पण हे पुस्तक संपल्यावर सांगा, आधी नको.

टप्पा ५ : वस्तू गोळा करणं

आदल्या दिवशी जांभळी नाक्याच्या बाजारात चक्कर मारा. केळं, पेरू, अननस बारा महिने मिळतात, अ‍ॅव्होकाडो आता बहुतेक फळवाल्यांकडे असतो. आंब्याचा हंगाम नसेल तर नसू दे, चित्र आहेच. नवी मुंबईकरांना वाशीचं फळमार्केट आहे. सातही फळं मिळायलाच हवीत असं नाही. न मिळालेल्या फळाबद्दल मुलं जास्त बोलतात, असा माझा अनुभव.

टोपली वेताची घ्या, आणि एखाद्या आजीला चुंबळ करायला सांगा. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून, गोल वळवून, टोक आत खोचून ती डोक्यावर ठेवायची आणि वर टोपली. आमच्या हॉलमध्ये एका आजींनी चुंबळ वळून दाखवली आणि हात सोडून चार पावलं चालल्या, तेव्हा मुलांनी श्वास रोखला होता. त्यांनी लहानपणी असंच विहिरीवरून पाणी आणलेलं. हंडाची टोपली त्या दिवशी कोणालाच परकी वाटली नाही.

सावधान : कापलेली फळं देणार असाल तर आधी पालकांना विचारा. काही मुलांना अननसाने तोंडाला खाज येते, किवी-अ‍ॅव्होकाडोची अ‍ॅलर्जीही असते.

सावधान, आणि यात तडजोड नको : वेशभूषा नको. चेहऱ्याला काळा रंग, कमरेला पानं, "झिंगालाला" असले आवाज. स्नेहसंमेलनांत हे आजही सर्रास होतं आणि टाळ्याही पडतात. त्यातून मुलं एवढंच शिकतात की काळं असणं म्हणजे सोंग. ठाण्याला लागूनच्या येऊरच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं ठाण्यातल्याच शाळांत शिकतात. आपल्या शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बघून कोणी तोच आवाज काढला तर ते कुठून आलं हे आपल्याला माहीत असायला हवं.

टप्पा ६ : बसायची जागा

दहा-बारा मुलं पुरेत. अर्धवर्तुळात, जमिनीवर, सतरंजीवर. खिडकी मुलांच्या पाठीमागे येईल असं बसा, म्हणजे उजेड पानावर पडतो. खिडकी तुमच्या पाठीमागे आली की मुलांना पुस्तकाची नुसती काळी पाटी दिसते. गुळगुळीत कागद असेल तर ट्यूबलाइट चकाकते, पान जरा खाली झुकवा. पंखा तुमच्या डोक्यावरचा बंद, मुलांच्या डोक्यावरचा चालू.

पुस्तक छातीच्या उंचीला, एका बाजूला, खालून एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने वरच्या कोपऱ्यातून पान उलटा. पुस्तक सारखं इकडून तिकडे फिरवू नका, त्यापेक्षा मुलांनाच जवळ घ्या. प्रोजेक्टर टाळा. पडद्यावर चित्र मोठं दिसतं खरं, पण पान उलटण्याआधीचा तो क्षण हरवतो.

टप्पा ७ : मुखपृष्ठ, फक्त दोन मिनिटं

पुस्तक मिटलेलं असतानाच मुलांसमोर धरा आणि गप्प राहा. मग एकच प्रश्न: "काय काय दिसतंय?" मुलगी, टोपली, फळं. "ती कुठे निघाली असेल?" कोणी बाजारात म्हणेल, कोणी आजीकडे. सगळी उत्तरं ऐकून घ्या, बरोबर-चूक सांगू नका.

"हा कोणता देश असेल?" हा प्रश्न इथे विचारू नका. चार वर्षांच्या मुलाला देश म्हणजे काय हेच पक्कं नसतं. मग कोणीतरी मोठं मागून "आफ्रिका" म्हणतं आणि हंडा भेटायच्या आधीच तिच्यावर शिक्का बसतो.

टप्पा ८ : पहिलं वाचन, न थांबता

लेखिकेचं नाव वाचा, पुस्तकाचं नाव वाचा, मग सुरू करा. आपला आवाज नेहमीचाच ठेवा. परदेशी पात्राला वेगळा "परदेशी" सूर लावायचा नाही.

माकडाचा हात टोपलीकडे येतो त्या पानावर कोणीतरी किंचाळेल. तुम्ही फक्त त्या मुलाकडे बघा, भुवया उंचवा आणि पुढची ओळ हंडाच्या भोळेपणाने वाचा. दुसऱ्या चोरीला निम्मी मुलं ओरडतील, तिसऱ्याला सगळी. एकदा एक मुलगा उठून थेट पुस्तकापाशी आला आणि हंडाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मागे बघ ना गं!" गं म्हणाला! दहा मिनिटांपूर्वी जिच्या नावाला तो हसत होता, तिला आता तो बिल्डिंगमधल्या मैत्रिणीसारखं सांगत होता. वाचन नीट चाललंय की नाही याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

पहिल्या वाचनात थांबून समजावू नका. "झोपडी म्हणजे काय सांगा बरं", "मोजा बरं किती फळं उरली", यातलं काहीही नको. शेवटच्या पानानंतर लगेच "मग काय शिकलो?" तर अजिबात नको. पुस्तक मिटा, मांडीवर ठेवा, बसून राहा.

तपासा : कोणीतरी "परत!" म्हणालं का? म्हणालं तर पुढच्या टप्प्याला लागा. नसेल तर आज इथेच थांबा, फळं खा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाचा.

टप्पा ९ : दुसरं वाचन आणि अवघड प्रश्न

आता पानं मुलांना चालवू द्या. तुम्ही वाचण्याऐवजी विचारा: "हंडाला काय वाटतंय? आणि मागे काय चाललंय?" या एका जोडीवर सगळं पुस्तक उलगडतं.

याच वेळी तो प्रश्न येतो, ज्याला मोठी माणसं घाबरून असतात. "ताई, ही काळी का आहे?" त्यावर आपल्याकडे तीन उत्तरं ठरलेली. पहिलं, "शू! असं बोलू नये." यातून मूल शिकतं की काळं असणं ही न बोलायची, म्हणजे वाईट गोष्ट. दुसरं, "रंग नसतोच बघायचा, सगळे सारखेच." पण मुलाला तर रंग दिसतोय, मग त्याच्या डोळ्यांचं काय? तिसरं सर्वांत गोड बोलून सर्वांत जास्त घात करतं: "काळी असली तरी किती गोड आहे बघ." त्या 'तरी'मध्येच विष आहे. आपल्या घरांत लग्न ठरवताना, बारशाला, अगदी बाळाला तेल लावतानाही तो 'तरी' डोकावतो, आणि सावळ्या मुली तो आयुष्यभर ऐकतात.

मी हे सांगते: "हो, हंडाचा रंग गडद तपकिरी आहे. आपल्या सगळ्यांच्या कातडीत रंग असतो, कोणाच्या जास्त, कोणाच्या कमी. तो उन्हापासून कातडीला जपतो. जिथे ऊन खूप तापतं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या कातडीत तो जास्त असतो." मग सगळ्यांचे हात सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवायचे, माझाही. बारा मुलांच्या हातांत दोन हात तंतोतंत सारखे निघत नाहीत. बोलणं तिथेच थांबवायचं. जास्त लांबवलं की मुलांना वाटतं, काहीतरी गंभीर घडलंय.

"ती आंघोळ करत नाही का?" असंही एकाने विचारलं होतं. रागावू नका. "रंग धुतला तर जातो का? तुझा जातो?" त्याने हात चोळून बघितला आणि त्याचं त्यालाच उत्तर मिळालं.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "ते गरीब आहेत का?" गोष्टीत कोणी गरीब आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. तेच विचारा: "तुला का वाटलं?" मूल म्हणेल, घर मातीचं आहे. मग सांगा की मातीचं घर उन्हात गार राहतं, आणि हंडाकडे सात प्रकारची फळं आहेत, तीही दुसऱ्याला द्यायला. इथे हळहळ व्यक्त करू नका. ज्याची कीव येते त्याच्याशी मुलं मैत्री करत नाहीत.

टप्पा १० : आता नकाशा

मुलं "ती कुठे राहते?" विचारतील तेव्हाच, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. "आफ्रिका देशात" म्हणू नका, आफ्रिका हा खंड आहे आणि त्यात पन्नासहून जास्त देश आहेत. केनिया हा त्यातला एक. नकाशात मुंबईवर बोट ठेवा, समुद्र ओलांडा, मोम्बासा बंदराशी थांबा. मध्ये फक्त पाणी आहे हे बघून मुलांना फार नवल वाटतं.

मग ओळखीच्या धाग्याने पुढे जा. लुओ लोकांची वस्ती व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास आहे. ठाण्याची मुलं तळ्याकाठची, तलावपाळी त्यांना चांगली माहीत. ते सरोवर मात्र सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठं. मुलांना आकडा सांगू नका, नकाशावर बोटाने त्याला वळसा घालायला लावा. आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा केनियात साडेसात झालेले असतात: "आपण गोष्ट वाचतोय, हंडा आत्ता दात घासत असेल." चहाला तिथल्या स्वाहिली भाषेतही चाय म्हणतात, आणि चपाती तिथेही चपातीच. हे ऐकून एका मुलाने विचारलं, "मग भाजी?"

त्याच दिवशी नैरोबीचा एक फोटो दाखवायलाच हवा. नाहीतर केनियात सगळे झोपडीत राहतात, घराबाहेर जिराफ फिरतात, अशी समजूत घट्ट होते. नैरोबी हे राजधानीचं गजबजलेलं शहर. उंच इमारती, गाड्यांची कोंडी. आणि शहराला लागूनच १९४६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पुढे जिराफ, मागे टॉवर, असे फोटो सहज सापडतात. ठाण्याच्या मुलांना याचं फार अप्रूप वाटत नाही, कारण त्यांच्याही टॉवरमागे येऊर आहे आणि येऊरमध्ये बिबट्या. "म्हणजे आपल्यासारखंच!" हे वाक्य त्यांच्याच तोंडून येतं. ऐरोली-नेरूळच्या मुलांना खाडीतले फ्लेमिंगो दाखवून सांगा की केनियाच्या सरोवरांवरही याच लहान जातीचे फ्लेमिंगो हजारोंनी उतरतात.

तपासा : वेगळेपणाच्या आणि सारखेपणाच्या गोष्टी आल्या का? नुसतं सारखेपण सांगितलंत तर हंडा पुन्हा कळव्याची होते. शहामृग आपल्याकडे नाही, हेही सांगा.

टप्पा ११ : चित्रं काढणं

मुखवटे, झोपडीचे मॉडेल वगैरे नको. मुलांना त्यांची स्वतःची टोपली काढू द्या: तुझ्या मित्राला काय नेशील? वाटेत कोण पळवेल? आमच्याकडच्या टोपल्यांत वडापाव, चिंच, आंबोळी, रिमोटची गाडी आली. चोरांत कावळा, मांजर, माकड आणि एका चित्रात लिफ्टमधले काका. गोष्ट मुलांची झाली ती इथे.

हंडाचं चित्र काढायचं असेल तर खडूंची पेटी आधी बघून घ्या. फिकट गुलाबी खडूला बहुतेक मुलं "स्किन कलर" म्हणतात. मी तो खडू हातात घेऊन विचारते, "हा कोणाच्या हाताशी जुळतो?" सगळी लावून बघतात. कोणाशीच जुळत नाही. मग तपकिरी, पिवळा, केशरी, थोडा लाल असं घासून घासून जो तो आपापला रंग शोधतो. यात वीस मिनिटं सहज जातात. घाई करू नका, हा वेळ सोन्याचा आहे.

टप्पा १२ : घरच्यांसाठी दोन ओळी

मुलं घरी पोचायच्या आत ग्रुपवर संदेश टाका, कारण दारातच "आज आफ्रिकेबद्दल काय शिकलास?" विचारलं की मूल गप्प होतं. मी असं लिहिते: "आज हंडाची गोष्ट वाचली. कृपया 'काय शिकलास' विचारू नका. 'टोपलीतलं कोणतं फळ तू पळवलं असतंस?' असं विचारा आणि मग फक्त ऐका." रंगाबद्दल मूल काही बोललं तर काय सांगायचं, हेही त्यात दोन ओळींत लिहून ठेवा. नाहीतर हॉलमध्ये जमवलेलं घरच्या एका 'तरी'ने पुसलं जातं.

महिन्याभरात केनियाचंच दुसरं पुस्तक आणा, शहरातलं, आजच्या काळातलं, तिथल्याच लेखकाने लिहिलेलं मिळालं तर उत्तम. एका पुस्तकावर देश उभा राहतो तेव्हा तो एकाच चित्राएवढा राहतो. आणि मध्ये एखाद्या शनिवारी न सांगता हंडा पुन्हा काढा. या वेळी तुम्ही वाचू नका. पुस्तक पाचसहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्या आणि धाकट्यांना त्याच्यासमोर बसवा. तो ऑरेंजच्या पानावर "माल्टा" म्हणतो का, आणि शेवटचं पान उलटण्याआधी थांबतो का, तेवढं मागे बसून ऐका.